आठ नंबर ठेवायचा का?

"पण तो पास चुकला."

हे वाक्य माझ्या मानेमागून आलं. आवाज पुरुषाचा, अगदी शांत. डॉक्टरांच्या दारातला माणूस 'पुढचा नंबर' म्हणतो तसा.

मी तेव्हा बाबांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होते, "आठ नंबरकडे बॉल आलाय... मान वर केली... दिला, उजवीकडे लांब दिला, अगदी धावणाऱ्याच्या पायात—" खरं म्हणजे तो बॉल कुणाच्याच पायात गेला नव्हता. सरळ मैदानाबाहेर जाऊन जाहिरातीच्या फळीवर आपटला होता, आणि आमच्या अख्ख्या स्टँडने उसासा टाकला होता.

"काय म्हणतोय तो?" बाबांनी विचारलं. डोळे गेल्यापासून त्यांचे कान भलतेच तिखट झालेत.

मी मागे वळून बघितलं. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, आणि कोऱ्या शर्टावर शाई सांडून वर 'निघेल ना?' विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी बघते, तसं बघितलं. तिशीचा एक माणूस. भिजलेला चष्मा, गुडघ्यावर लांबट वही, हातात पेन्सिल. सीझन सुरू झाल्यापासून ती खुर्ची रिकामीच होती. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, आणि मग त्याची नजर बाबांच्या मांडीवरच्या घडी घातलेल्या पांढऱ्या काठीवर गेली. तोंड तसंच राहिलं.

"काही नाही काका," तो म्हणाला. मग जरा थांबून... "माझा चष्मा भिजलाय. पास बरोबर होता. त्यांच्या बॅकने बाहेर काढला."

"म्हणजे थ्रो आपला," बाबा म्हणाले.

थ्रो त्यांचा होता. मग मागून हळूच आलं, "हो... आपलाच."

मी पुन्हा समोर तोंड केलं. आभार मानायला हवे होते, पण माझे कान तापले होते आणि मला त्याचा राग आला होता. माझा स्वभावच तसा. कुणी उपकार केला की आधी राग येतो.

हाफटाइमला चहाच्या रांगेत तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. पावसाची भुरभुर चालूच होती. पत्र्यावरून पाणी नेमकं माझ्या खांद्यावर टपकत होतं, आणि त्याने काही न बोलता आपली छत्री अर्धी माझ्याकडे कलती केली.

"मी वजनकाटे तपासतो," तो म्हणाला.

"मी विचारलं नव्हतं."

"तरी सांगतो. सरकारी नोकरी. दुकानात जायचं, काटा खरा की खोटा ते बघायचं, खरा असला तर शिक्का मारायचा. सात वर्षं झाली. आज पहिल्यांदा खोट्या काट्यावर शिक्का मारला."

"मग आता काय, लाच हवी?"

"चहा चालेल."

मी दोन चहा घेतले. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली, आणि त्याने चष्मा काढून पुसला तेव्हा कळलं, डोळे बरे होते. म्हणजे चांगलेच होते.

"किती दिवस चाललंय हे?" त्याने विचारलं.

"दुसरा सीझन."

"सगळ्यांच्या बाबतीत?"

"छे. बाकीच्यांचं खरं सांगते. मी काय थापाडी वाटले तुम्हाला? फक्त आठ नंबरचं..."

"फक्त आठ नंबरचं," तो म्हणाला. "अख्ख्या टीममध्ये ज्याच्याबद्दल खोटं बोलायला सगळ्यात जास्त मेहनत पडेल, नेमका तोच."

मला हसू आलं. आठवडाभरात आलेलं ते पहिलं होतं, म्हणून मी ते कपात लपवलं.

कारण मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. इथे सांगते. बाबांनी बत्तीस वर्षं याच मैदानावर रेघा आखल्या. नोकरी क्लबचीच. शुक्रवारी सुतळी ताणायची, चुन्याची गाडी ढकलायची, आणि शनिवारी आपल्या रेघांच्या आत लोक काय दिवे लावतात ते बघायला स्टँडमध्ये बसायचं. मग काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या. आठ नंबर आमच्याकडे खेळायला आला त्या वर्षी बाबांना समोरचं एवढंसं वर्तुळ तेवढं दिसत होतं, आणि एका शनिवारी त्या वर्तुळात तो सापडला. पाठ गोलकडे, अंगावर तिघं, आणि मागे न बघता त्याने त्या तिघांमधून असा पास काढला की बाबा उभेच राहिले. "न बघता दिला गं," ते घरी पोचेपर्यंत म्हणत होते. "न बघता." मैदानावर त्यांनी धड पाहिलेली ती शेवटची गोष्ट.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी 'आता करण्यासारखं काही नाही' असं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बाबा हट्टाने आले, आणि खुर्चीत नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आठ नंबर काय करतोय?" आठ नंबर त्या क्षणी गवतात बसून रेफ्रीशी हुज्जत घालत होता. मी म्हटलं, "पास दिला बाबा. न बघता." बाबा हसले. तेव्हापासून मला थांबताच आलं नाही.

पकडलं जाण्याची भीती फारशी नव्हती. पेपरात आमच्या क्लबच्या चार ओळी यायच्या, त्याही मीच वाचून दाखवायची. स्टँडमधले लोक आठ नंबरला शिव्या घालत, पण बाबांचं त्यावर उत्तर ठरलेलं होतं : लोकांना शिव्या घालायला कुणीतरी लागतंच, आणि ते नेहमी शहाण्या माणसालाच निवडतात.

पुढच्या शनिवारी काटेवाला त्याच खुर्चीत. त्याच्या पुढच्याही. मी त्याला मनात काटेवालाच म्हणायचे, आणि बाबा तर तोंडावर म्हणायचे. त्याला ते आवडायचं.

"काय काटेवाले, आठ नंबर ठेवायचा का नाही?" बसल्या बसल्या बाबा विचारायचे.

"नाही काका."

"का?"

"भरवसा नाही. एक दिवस राजा, पुढचे तीन शनिवार पाहुणा. मिडफिल्डर म्हणजे घराचा मधला खांब. खांबाने आज उभं राहावंसं वाटतंय की नाही, हे रोज कोण विचारत बसणार?"

"आणि जे दुसऱ्या कुणालाच जमत नाही ते त्याला जमतं, त्याचं काय?"

"कधी जमतं काका? वर्षातून दोनदा."

"वर्षातून दोनदा?" बाबा हसायचे. "तुझ्या वहीत काहीतरी घोळ आहे. माझी पोर दर शनिवारी सांगते मला."

यावर काटेवाला खोकायचा. मी समोर बघत राहायचे. मग चहाच्या रांगेत तो माझ्या कानाशी वाकून म्हणायचा, "चौदा मॅच. तीन चांगल्या, चार बऱ्या. उरलेल्या सातांत तो मैदानावर होता हे फक्त तुमच्याकडून कळतं."

"तुम्हाला खेळातलं काही कळत नाही. तुम्ही नुसते मोजता."

"आणि तुम्ही?"

"मी बघते."

"तुम्ही आठ नंबर सोडून सगळीकडे बघता. मागच्या शनिवारी तो पडला तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होता."

"तुमच्या छत्रीकडे. तिची काडी मोडलीय."

"मोडलीय खरी," तो म्हणायचा, आणि ती मोडकी छत्री आणखी माझ्याकडे सरकवायचा. त्याचा उजवा खांदा दर शनिवारी भिजून जायचा.

मग एका मंगळवारी तो दुकानात आला. करडा कोट काउंटरवर ठेवला.

मी कोट उलटापालटा करून बघितला. "डाग कुठे आहे?"

"असेल कुठेतरी."

"नाहीये."

"नीट बघा ना... वेळ लागला तरी चालेल."

मी पावती फाडली आणि शक्य तितक्या रुक्षपणे 'शुक्रवारी' म्हणाले. तो गेल्यावर नेहमीप्रमाणे खिसे रिकामे केले. आतल्या खिशात वही होती. आम्ही गिऱ्हाइकाच्या वस्तू पाकिटात घालून वर नंबर लिहितो, वाचत नाही. मी वाचली.

प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्यात मिनिट. दुसऱ्यात 'झालं ते'. तिसऱ्यावर लिहिलं होतं, 'त्या म्हणाल्या'. चौतिसावं मिनिट : पास चुकला. त्या म्हणाल्या : बॉल पायाला चिकटलाय नुसता. बावन्नावं : बॉल गमावला. त्या म्हणाल्या : दोघांना नाचवतोय बाबा, बिचारे दमले. माझा एकूण एक शब्द त्या माणसाने उतरवून ठेवला होता. आणि समासात बारीक अक्षरात : 'आज त्यांना सर्दी होती.' 'आज हिरवा स्कार्फ.' 'आज एकदाही हसल्या नाहीत.'

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून स्टुलावर बसले. इस्त्रीची वाफ तशीच सुटत होती. मला फार आनंद झाला होता आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती, कारण माझं सगळं खोटं पहिल्यांदाच कुणीतरी एका ठिकाणी गोळा करून ठेवलं होतं. ते माझ्या समजुतीपेक्षा फार जास्त होतं.

शुक्रवारी तो कोट न्यायला आला.

"वाचलीत?"

"आम्ही फक्त खिसे रिकामे करतो."

"मग कान का लाल झालेत?"

"वाफेने."

तो हसला. मग हसू ओसरलं, आणि त्याने काउंटरवर हात ठेवले, माझ्या हातांपासून चार बोटांवर. "काकांना सांगून टाका," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर..."

"दुसरं कोण सांगणार? तुम्ही?"

"मी नाही."

"मग झालं तर. तुम्ही काटे तपासा. माझ्या घरात शिक्के मारायला येऊ नका."

मी फार लागेल असं बोलले होते. त्याने कोट घेतला. दारात थांबून म्हणाला, "सभेत आठ नंबरचा विषय आहे. काकांनी बोलायला नाव दिलंय. चिटणिसांच्या यादीत माझ्या वरच त्यांचं नाव आहे."

मला हे माहीत नव्हतं.

आमचा क्लब सभासदांचा; कुणा एका धनिकाचा नाही. सीझनची शेवटची मॅच राहिली की सभा भरते, आणि ज्या खेळाडूचा करार संपतोय त्याला ठेवायचं की नाही यावर सभासद बोलतात. दोघं बाजूने, दोघं विरुद्ध, मग हात वर. बाबांनी बत्तीस वर्षांत कधी तोंड उघडलं नव्हतं. आता तीनशे माणसांसमोर ते उभे राहणार होते, आणि मी रचलेल्या मॅच त्यांना ऐकवणार होते... ज्यांनी खऱ्या मॅच पाहिल्या होत्या त्यांनाच.

सांगायला माझ्याकडे नऊ दिवस होते. मी रोज ठरवलं. रोज संध्याकाळी बाबा खिडकीशी बसून भाषणाची तयारी करायचे, आणि मधेच विचारायचे, "तो एकसष्टाव्या मिनिटाचा प्रसंग पुन्हा सांग गं. तिघांना चुकवलं का चौघांना?" मी म्हणायचे, "तिघांना." नऊ दिवसांत मी एवढंच केलं.

सभा रविवारी सकाळी, क्लबच्या मोठ्या खोलीत. खोलीत ओल्या कपड्यांचा वास होता आणि खुर्च्या कमी पडल्या होत्या. बाबांनी मी इस्त्री केलेला पांढरा शर्ट घातला होता. काटेवाला भिंतीशी उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान हलवली : नाही, सांगितलं नाही. त्याने डोळे मिटले.

बाबा काठी टेकून उभे राहिले. आवाज सुरुवातीला कापत होता, मग लागला. "एका खेळाडूला आपण रोज सारखाच का मागतो?" ते म्हणाले. "बॉल सारखा नसतो, गवत सारखं नसतं. मी तुमच्या रेघा आखल्यात. दोन शनिवार कधी एकसारखी रेघ आली नाही. पण हा पोरगा तर सारखाही आहे. मागच्याच महिन्यातली मॅच आठवा. एकसष्टावं मिनिट. तिघांना चुकवून त्याने..."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

बाबा बोलत राहिले. हसू पुढच्या रांगांत आलं. मग टायरचं दुकान असलेला एक जाडजूड सभासद, दर शनिवारी आमच्या पुढे दोन ओळींवर बसणारा, ओरडला, "काका, ही कुठल्या मैदानावरची मॅच?"

खोली हसली. बाबाही हसले; त्यांना वाटलं, नेहमीची थट्टा आहे. "याच मैदानावरची. रेघा कुणाच्या आहेत विचार." त्यावर आणखी मोठं हसू. मी उठून त्यांना खाली बसवायला हवं होतं. मी बसून राहिले.

मग चिटणिसांनी विरुद्ध बाजूने काटेवाल्याचं नाव पुकारलं, आणि खोली गप्प झाली. आमच्या मागे येऊन बसण्याआधी तो वर्षानुवर्षं पलीकडच्या स्टँडमध्ये बसून लिहायचा, आणि त्याच्या वहीवर सगळ्यांचा विश्वास. पेपरवालेसुद्धा आकडे त्याला विचारून छापत. तो पुढे आला, वही उघडली, आणि तिच्याकडे न बघता बोलला.

"काका सांगतात ते बरोबर आहे. एकसष्टावं मिनिट. तिघांना चुकवलं. माझ्याकडे लिहिलेलं आहे." त्याने वही मिटली. "असे बरेच प्रसंग आहेत. मी विरुद्ध बोलायला आलो होतो. बोलत नाही."

कुणी हसलं नाही. टायरवाला तोंड उघडून त्याच्याकडे बघत राहिला, मग बाबांच्या काठीकडे, मग माझ्याकडे, आणि खाली बसला. सगळ्या खोलीला एकदम सगळं कळलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत होतं, कारण ती शांतता त्यांनाही ऐकू आली होती.

मतं झाली. बाजूने चाळीसेक हात. बाकी सगळे विरुद्ध. आठ नंबर जाणार होता.

घरी आल्यावर बाबा स्वयंपाकघरात खुर्ची चाचपून बसले. मी चहा ठेवला.

"तो काटेवाला खोटं का बोलला?"

मी गॅस बारीक केला.

"इतके महिने भांडलो मी त्याच्याशी. आठ नंबरला त्याने शब्दानेही ढील दिली नाही. आज एकाएकी माझी सगळी मॅच त्याच्या वहीत?" बाबा थांबले. "मी बरोबर असतो तर लोक हसलेच नसते. आणि मी चूक असेन, तर मला चुकीचं सांगितलं कुणी?"

"बाबा..."

"एकसष्टावं मिनिट. खरं काय झालं होतं?"

"पाय घसरून पडला होता."

"पहिल्या मॅचचा गोल. पास कुणाचा?"

"सहा नंबरचा."

त्यांनी एकेक विचारलं, मी एकेक सांगितलं. चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे दोन सीझन मी तुझीच मॅच बघितली."

मी विचारलं, "वाईट होती का?"

"छान होती," बाबा म्हणाले. "तेच तर."

मला वाटलं, झालं. तेवढ्यात ते अगदी हळू म्हणाले, "तो पहिल्या वर्षीचा... न बघता दिलेला... तो मी बघितला होता ना गं? का तोही तूच सांगितलास?"

"तो तुम्हीच बघितला बाबा. मी तेव्हा बुटाची नाडी बांधत होते. मला तर तो दिसलाही नाही."

"हं," बाबा म्हणाले. त्यांचा विश्वास बसला की नाही ते मला अजून माहीत नाही.

मंगळवारी काटेवाला दुकानात आला. हातात कपडा नव्हता.

"मी वाचवायला गेलो होतो," तो म्हणाला.

"खोटं बोलता येत नाही तर बोलावं कशाला माणसाने?"

"सरावाला वेळच मिळाला नाही."

एरवी मी हसले असते. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. सगळे त्यांच्यावर हसत होते आणि तुम्ही... तुमचा चेहरा मला बघवेना. बस्स."

"त्यांना तुमच्यामुळे कळलं."

"हो."

"माझ्यामुळे नाही, तुमच्यामुळे," मी म्हटलं, आणि हे किती खोटं आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी तयार कपड्यांवर प्लॅस्टिक चढवत राहिले. वर बघितलं तेव्हा दार नुकतंच मिटत होतं.

शेवटच्या मॅचला बाबा येणार नाहीत असंच मला वाटत होतं. पण शनिवारी दुपारी ते बूट घालून दारात उभे. "त्याची शेवटची आहे," म्हणाले. "आणि आज फक्त झालं तेच सांगायचं."

धुकं होतं. पलीकडचा स्टँड दिसत नव्हता. मागच्या खुर्चीत काटेवाला होता, पण वही मिटलेली. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

मी झालं तेच सांगितलं. "आठ नंबरला बॉल. चुकला." "आठ नंबर. पुन्हा चुकला." "चालतोय नुसता." बाबा दर वेळी मान हलवायचे, बातम्या ऐकल्यासारखी. माझ्या आवाजात काही उरलं नव्हतं. लोक आठ नंबरला हात हलवून टाटा करत होते.

आणि मग सत्तराव्या मिनिटानंतर कधीतरी त्याच्याकडे बॉल आला. पाठ गोलकडे. अंगावर तिघं. त्याने मान वर केलीच नाही. पायाच्या बाहेरच्या अंगाने त्याने तो बॉल मागे काढला, तिघांच्या मधून, जिथे फट आहे असं कुणालाच दिसलं नसतं, आणि धुक्यातून धावत आलेल्या आमच्या स्ट्रायकरच्या पुढ्यात तो अलगद जाऊन पडला. समोर एकटा गोलकीपर. स्ट्रायकरने तो उंच, आकाशात मारला.

सगळा स्टँड विव्हळला.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"स्ट्रायकरने घालवला बाबा. पण पास... पास आठ नंबरने दिला. पाठ गोलकडे होती. तिघं होते अंगावर." मला धड बोलताही येईना. "बाबा, न बघता दिला. तुम्ही म्हणायचात ना, तसाच. मी आज पहिल्यांदा बघितला."

बाबांचा हात माझा हात शोधत आला, आणि त्यांनी दोनदा थोपटलं.

"असू दे बाळ."

"नाही बाबा, खरंच—"

"असू दे गं. छान सांगतेस."

मी मागे वळले. मंगळवारनंतर पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही तरी सांगा ना यांना."

काटेवाला पुढे वाकला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, खरं आहे. शप्पथ घेऊन सांगतो. असा पास मी या मैदानावर दुसरा पाहिला नाही."

बाबा हसले. पाहुण्यांकडे बघून माणूस हसतो, तसं. "तुम्ही दोघंही फार चांगले आहात," ते म्हणाले, आणि पुन्हा समोर तोंड करून बसले.

मला रडू कोसळलं. आवाज होऊ नये म्हणून मी स्कार्फ तोंडात धरला. खुर्च्यांच्या फटीतून मागून एक हात पुढे आला, आणि मी तो घट्ट धरला. मॅच संपेपर्यंत मी बाबांना जे सांगितलं ते त्या हाताला धरून सांगितलं.

शिट्टी वाजली. लोक उठले. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबांनी वाजवल्या, एकट्यांनी, आठ नंबर बाहेर पडत होता त्याच्या बऱ्याच डावीकडे तोंड करून.

स्टँड रिकामा होताना आम्ही दोघं बाबांच्या मागे उभे होतो.

"तुम्हाला दिसला ना?" त्याने विचारलं.

"दिसला."

"मलाही."

"म्हणजे बाबांपुरते दोघंच साक्षीदार," मी म्हटलं. "आणि दोघंही खोटे."

तो हसला नाही. "आता मी काही सांगितलं तर विश्वास ठेवाल?"

"सांगून बघा..."

"मला तुम्ही आवडता. पहिल्या शनिवारपासून. त्या चुकलेल्या पासपासून."

"ठेवला," मी म्हटलं. "आणि मलाही. पण मी हे आधी कुणाला सांगितलं नाहीये, म्हणून नीट जमत नाहीये."

त्याने माझा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला. तिथे ऊब होती. सुख असं भर दुःखात येऊन बसतं, आणि त्याला ऊठ म्हणवत नाही.

बाबा पायऱ्यांशी पोचले होते. एरवी पायऱ्या मी सांगते. ते मला विचारतात, मी सांगते, आणि ते पाऊल टाकतात. मी पुढे होऊन त्यांचा दंड धरायला गेले, तेव्हा त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि कठडा धरला. मग काठीचं टोक पुढे ठेवून, प्रत्येक पायरी आधी स्वतः ठोकून बघत, ते एकटे खाली उतरू लागले.